उरलेल्या पत्त्यांचे गणित

जुगाराच्या बहुतेक खेळांत मागच्या डावाचा पुढच्या डावाशी काहीही संबंध नसतो. रूलेटच्या चाकावर सलग दहा वेळा लाल रंग आला तरी अकराव्या वेळी काळा येण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही, आणि फाशांच्या खेळात आधी पडलेले दान पुढच्या दानावर कोणताच परिणाम करत नाही; तरीही मागचे आकडे पाहून पुढचा आकडा ताडणारे लोक प्रत्येक कॅसिनोत असतात, आणि कॅसिनोही त्यांच्यासाठी मागच्या फेऱ्यांचे निकाल दाखवणारे फलक हौसेने लावून ठेवतात, कारण त्या माहितीने कॅसिनोचे कवडीचेही नुकसान होत नाही. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ या सर्वांहून वेगळा आहे. त्यात एकदा खेळला गेलेला पत्ता, सगळे पत्ते पुन्हा पिसले जाईपर्यंत, परत येत नाही. त्यामुळे काय गेले हे ज्याला ठाऊक आहे त्याला काय उरले याचाही अंदाज असतो, आणि उरलेल्या पत्त्यांवरच पुढच्या डावाचे पारडे कोणाच्या बाजूला झुकणार हे ठरते. पत्त्यांची मोजणी म्हणून जी गोष्ट कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी जवळजवळ जादूच्या कोटीत नेऊन ठेवली आहे, तिचे मूळ एवढ्याच साध्या वस्तुस्थितीत आहे. मेंढीकोट खेळणाऱ्या घरांत चारपैकी किती दश्श्या बाहेर पडल्या आणि हुकमाची किती पाने अजून कोणाच्या तरी हातात आहेत हे लक्षात ठेवणे चांगल्या खेळाडूचे लक्षण मानले जाते. कॅसिनोत मात्र त्याच कौशल्याकडे संशयाने पाहिले जाते.

मोजणी समजण्यासाठी आधी खेळ समजायला हवा. ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक खेळाडू इतर खेळाडूंशी नव्हे, तर कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्या डीलरशी खेळतो. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांना त्यांच्या आकड्याएवढी किंमत असते, गुलाम, राणी आणि राजा यांची किंमत दहा धरतात, आणि एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा असा मोजता येतो. आपल्या पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे जाऊ न देता डीलरच्या बेरजेपेक्षा मोठी ठेवणे हा खेळाचा हेतू असतो. खेळाडूला दोन पत्ते मिळतात, डीलरच्या दोनपैकी एक पत्ता उघडा असतो, आणि आणखी पत्ता घ्यायचा की आहे त्यावर थांबायचे हे खेळाडूने प्रथम ठरवायचे असते. डीलरला असे स्वातंत्र्य नसते: बेरीज सोळा किंवा त्याहून कमी असेल तर त्याने पत्ता घेतलाच पाहिजे आणि सतरा झाली की थांबलेच पाहिजे. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात, आणि डीलरलाही तेच आले नसेल तर जुन्या नियमांनुसार खेळाडूला लावलेल्या रकमेच्या दीडपट रक्कम जिंकल्याबद्दल मिळते.

कॅसिनोची सारी कमाई क्रमात दडलेली आहे. खेळाडूची बेरीज २१ च्या वर गेली की त्याचे पैसे तिथल्या तिथे उचलले जातात. नंतर डीलरचीही बेरीज २१ ओलांडून गेली तरी ते परत मिळत नाहीत. या एका कलमाच्या बदल्यात खेळाडूला काही सवलती आहेत. ब्लॅकजॅकवर मिळणारी दीडपट रक्कम ही पहिली. त्याखेरीज पहिल्या दोन पत्त्यांनंतर लावलेली रक्कम दुप्पट करून फक्त एकच पत्ता घेण्याची मुभा, ज्याला डबल म्हणतात, आणि सारख्या किमतीचे दोन पत्ते आले तर ते वेगळे करून दोन डाव खेळण्याची मुभा, ज्याला स्प्लिट म्हणतात, या आणखी दोन. या सवलती केव्हा वापरायच्या हे ज्याला कळत नाही तो भरपूर हरतो. ज्याला नेमके कळते त्याच्याविरुद्ध कॅसिनोची आघाडी शंभर रुपयांमागे जेमतेम पन्नास पैशांवर येते. नेमके नियम टेबलागणिक बदलतात म्हणून हा आकडाही थोडा खालीवर होतो, पण कॅसिनोतल्या फार थोड्या खेळांत खेळाडूची स्थिती इतकी बरी असते.

कोणते पत्ते असताना काय करावे याचे पहिले विश्वसनीय गणित अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील अॅबरडीन येथल्या लष्करी तळावर नेमणूक असलेल्या चार तरुणांनी केले. रॉजर बॉल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी मेजावर ठेवायची साधी गणनयंत्रे वापरून, फावल्या वेळात, खेळाडूच्या प्रत्येक बेरजेसाठी आणि डीलरच्या प्रत्येक उघड्या पत्त्यासाठी सर्वांत कमी तोट्याची चाल शोधून काढली आणि १९५६ मध्ये ती अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज तिला मूलभूत डावपेच म्हणतात. एक्क्यांची किंवा अठ्ठ्यांची जोडी आली तर ती नेहमी वेगळी करावी, अकरा बेरीज असताना डीलरचा उघडा पत्ता दुबळा असेल तर रक्कम दुप्पट करावी, डीलरची छक्की उघडी असताना स्वतःची बेरीज बारा ते सोळा असेल तर थांबावे, असे ते नियम एका लहान तक्त्यात मावतात. मोजणी करणाऱ्याचे शिक्षण याच तक्त्यापासून सुरू होते. तो पाठ नसताना मोजणी करणे व्यर्थ आहे, कारण मोजणीतून जे कमवायचे त्याहून अधिक चुकीच्या चालींत गमावले जाते.

परंतु हा तक्ता प्रत्येक डाव जणू नव्याने पिसलेल्या पूर्ण कॅटातून वाटला जातो असे गृहीत धरून तयार केलेला होता. त्या काळी नेवाडातील टेबलांवर एकच कॅट वापरला जाई आणि तो संपत येईपर्यंत एकामागून एक डाव खेळले जात, हे लक्षात घेऊन पुढचा प्रश्न विचारणारा माणूस एडवर्ड थॉर्प हा होता. गणितात डॉक्टरेट मिळवलेला हा तरुण १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे शिकवायला गेला, आणि तेथील आयबीएम ७०४ या संगणकावर त्याने उलटा हिशेब मांडला: कॅटातून एखाद्या किमतीचे चारही पत्ते काढून टाकले तर खेळाडूची स्थिती किती बदलते? उत्तर अनेकांच्या अपेक्षेपलीकडचे होते. चारही पंज्या निघून गेल्या तर कॅसिनोची आघाडी पुसली जाऊन खेळाडूकडे तीन टक्क्यांहून अधिक आघाडी येत होती. एकट्या पंजीचा इतका प्रभाव असण्याचे कारण असे की, बारापासून सोळापर्यंतच्या अवघड बेरजेवर अडकलेल्या डीलरला ती सतरा ते एकवीस या सुरक्षित टप्प्यात नेऊन सोडते, आणि सोळावर तर थेट एकवीस करून देते.

थॉर्पने हे निष्कर्ष १९६१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात प्रसिद्ध केले. तेथे लेख सादर करण्यासाठी अकादमीच्या सदस्याची शिफारस लागे, म्हणून तो माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याच्याकडे गेला. शॅननने शिफारस केली, मात्र शीर्षकातला जिंकण्याचा दावा काढून त्याजागी ‘अनुकूल’ असा सौम्य शब्द घालायला लावला. त्याच वर्षी एका धनाढ्य जुगाऱ्याने दिलेल्या दहा हजार डॉलरांच्या भांडवलावर थॉर्पने नेवाडातील कॅसिनोंमध्ये आपल्या पद्धतीची परीक्षा घेतली आणि काही दिवसांत ते भांडवल दुपटीहून अधिक केले. १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे त्याचे पुस्तक आले आणि विद्यापीठाच्या आवारातला विषय सामान्य वाचकाच्या हाती पडला.

आज शिकवली जाणारी सर्वांत परिचित पद्धत मात्र थॉर्पच्या मूळ पद्धतीहून सोपी आहे. ती हार्वी डबनर याने १९६३ मध्ये मांडली, आयबीएममधल्या ज्युलियन ब्रॉनने संगणकावर तिचे आकडे पक्के केले, आणि थॉर्पच्या पुस्तकाच्या १९६६ च्या आवृत्तीतून ती सर्वदूर गेली. तिला हाय-लो म्हणतात. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी आणि छक्की यांपैकी कोणताही पत्ता टेबलावर दिसला की मनातल्या आकड्यात एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी आणि नव्वी यांच्याकडे दुर्लक्ष करायचे. कॅटात वीस पत्ते पहिल्या गटाचे आणि वीस दुसऱ्या गटाचे असल्यामुळे पूर्ण कॅट मोजून झाल्यावर आकडा शून्यावर परत येतो. समजा, नव्याने पिसलेल्या पत्त्यांतून राजा, पंजी, तिर्री, अठ्ठी, छक्की, एक्का आणि चव्वी असे सात पत्ते बाहेर आले: राजा आणि एक्का यांचे मिळून वजा दोन, पंजी, तिर्री, छक्की आणि चव्वी यांचे अधिक चार, म्हणजे मोजणी अधिक दोन झाली. कोणता पत्ता कोणत्या रंगाचा होता किंवा कोणाच्या पुढ्यात पडला हे काहीही लक्षात ठेवायचे नसते. अफाट स्मरणशक्तीची जी आख्यायिका या विषयाला चिकटली आहे ती म्हणूनच निराधार आहे. लक्षात ठेवायचा तो एकच लहानसा आकडा, आणि तोही दर काही सेकंदांनी बदलणारा.

मोजणी वाढली याचा अर्थ लहान पत्ते अधिक प्रमाणात निघून गेले आणि उरलेल्या पत्त्यांत दहाच्या किमतीचे पत्ते व एक्के दाट झाले. येथे एक शंका साहजिकच उभी राहते, कारण मोठे पत्ते डीलरलाही तितकेच मिळणार, मग त्यांचा लाभ एकट्या खेळाडूला कसा? उत्तर खेळाच्या नियमांतील असमानतेत आहे. ब्लॅकजॅक दोघांनाही सारख्याच प्रमाणात येतो, पण खेळाडूला तो आला तर दीडपट मिळते आणि डीलरला आला तर खेळाडू फक्त लावलेली रक्कम गमावतो. पूर्ण कॅटातून ब्लॅकजॅक येण्याची शक्यता साधारण एकवीस डावांत एकदा इतकी असते. मोठे पत्ते दाट झाले की ती वाढते आणि वरच्या अर्ध्या पटीचा लाभ वाढत जातो. दुसरे असे की, बारा ते सोळा बेरीज असताना खेळाडू थांबू शकतो, डीलर थांबू शकत नाही. सोळावर पत्ता घेणाऱ्या डीलरला छक्की किंवा तिच्यावरचा कोणताही पत्ता मारक ठरतो, म्हणजे एक्का सोडून सगळे मोठे पत्ते, आणि ते दाट असताना त्याची बेरीज वारंवार एकवीस ओलांडते. तिसरे म्हणजे दहा किंवा अकरा बेरजेवर रक्कम दुप्पट करणाऱ्या खेळाडूला नेमका मोठाच पत्ता हवा असतो.

हे सगळे सर्वांत स्वच्छ दिसते ते इन्शुरन्स नावाच्या उपपैजेत. डीलरचा उघडा पत्ता एक्का असेल तर त्याचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा आहे अशी वेगळी पैज मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत लावता येते आणि ती जिंकली तर दुप्पट रक्कम मिळते. पूर्ण कॅटातून फक्त तो एक्का बाहेर आला आहे असे धरले तर उरलेल्या ५१ पत्त्यांत १६ पत्ते दहाच्या किमतीचे असतात; शंभर रुपयांची पैज ५१ वेळा लावली तर सरासरी १६ वेळा दोनशे मिळून ३,२०० रुपये येतील आणि ३५ वेळा शंभर जाऊन ३,५०० रुपये जातील. म्हणजे पैज तोट्याची. परंतु आधीच्या डावांत दहा लहान पत्ते निघून गेले असतील आणि दहाच्या किमतीचा एकही गेला नसेल, तर उरलेल्या ४१ पत्त्यांत तेच १६ पत्ते असतात. आता येणारे ३,२०० तसेच राहतात आणि जाणारे २,५०० वर उतरतात. पैज तीच, नियम तेच, आणि तोट्याचा व्यवहार फायद्याचा झाला आहे. मोजणी न करणाऱ्याने इन्शुरन्स कधीही घेऊ नये आणि मोजणाऱ्याने तो मोजणीच्या आधारेच घ्यावा, हा नियम याच हिशेबातून येतो.

एक कॅट वापरात असताना मनातला आकडा पुरेसा होता. कॅसिनोंनी सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून ते शू नावाच्या पेटीतून वाटायला सुरुवात केल्यावर मात्र आणखी एक पायरी आवश्यक झाली. ३१२ पत्त्यांच्या शूमध्ये मोजणी अधिक आठ आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. अजून चार कॅटांइतके पत्ते उरले असतील तर ही आठची अधिकता त्यांच्यात पातळ पसरलेली असते आणि दोनच कॅट उरले असतील तर ती दुप्पट दाट असते. म्हणून चालू मोजणीला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागतात आणि येणाऱ्या भागाकाराला खरी मोजणी म्हणतात. पहिल्या स्थितीत ती अधिक दोन, दुसऱ्या स्थितीत अधिक चार. किती कॅट उरले हे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगाकडे पाहून डोळ्यांनीच ताडायचे असते. खरी मोजणी एकाने वाढली की खेळाडूची स्थिती साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते, असा ढोबळ हिशेब धरला जातो. सुरुवातीला कॅसिनो अर्ध्या टक्क्याने पुढे असल्यामुळे अधिक एकवर दोघे बरोबरीत येतात, आणि त्यापुढे प्रत्येक पायरीला अर्धा टक्का खेळाडूच्या खात्यात पडतो.

हे आकडे फार लहान आहेत, आणि या विषयावरच्या बहुतेक रंजक लेखनात तेवढेच नेमके झाकले जाते. मोजणी करणाऱ्याला पुढचा पत्ता कोणता हे कळत नाही. अधिक चारच्या मोजणीलाही तो जवळजवळ निम्मे डाव हरतो. त्याला कळते ते इतकेच की, या घटकेला प्रत्येक शंभर रुपयांमागे आपल्या बाजूला दीड रुपया आहे आणि मघाशी तो नव्हता. या ज्ञानाचे पैशांत रूपांतर करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मोजणी खाली असताना टेबलावर चालणारी किमान रक्कम लावणे, किंवा सरळ उठून जाणे, आणि मोजणी वर गेली की रक्कम अनेक पटींनी वाढवणे. मोजणीनुसार काही चालीही बदलतात, जसे सोळा बेरीज असताना डीलरच्या दहाविरुद्ध पत्ता न घेता थांबणे. पण सहा-आठ कॅटांच्या खेळात खरा लाभ रक्कम कमीजास्त करण्यातूनच येतो.

लहान आघाडीला मोठ्या चढउतारांतून वाट काढावी लागते. समजा, एखाद्याने सरासरी एक टक्क्याची आघाडी मिळवली आणि दर डावावर हजार रुपये लावले. शंभर डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई एक हजार रुपये असेल, परंतु त्याच शंभर डावांतील नशिबाचा नेहमीचा चढउतार वर किंवा खाली साधारण साडेअकरा हजारांचा असतो. हजारात अकरा हजारांची ही उलथापालथ दिसते तेव्हा आपली पद्धत बरोबर आहे की आपण केवळ हरत आहोत हे खेळणाऱ्याला ओळखता येत नाही. सुमारे तेरा हजार डाव खेळल्यावर कुठे अपेक्षित कमाई चढउताराच्या मापाला गाठते, आणि तासाला सत्तर डाव धरले तर त्याला १८० तासांहून अधिक लागतात. गणित बरोबर असूनही दिवाळे निघण्याचा धोका म्हणूनच खरा असतो. किती भांडवलावर किती रक्कम लावावी याचे उत्तर बेल लॅबमधील जॉन केली याने १९५६ मध्ये, तारयंत्रणेतील गोंगाटाचा अभ्यास करताना, एका सूत्रात दिले होते. शॅननने थॉर्पचे लक्ष त्याकडे वेधले. स्थूलमानाने आघाडी जितकी, साधारण तितकाच किंवा त्याहून थोडा कमी अंश भांडवलातून लावावा, असे ते सूत्र सांगते: दहा लाखांचे भांडवल आणि एक टक्क्याची आघाडी असेल तर एका डावावर साडेसात हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात जाणकार याच्याही निम्मे लावतात. थॉर्पने पुढे हेच सूत्र शेअर बाजारात नेले आणि १९६९ मध्ये स्थापन केलेल्या गुंतवणूक निधीतून ब्लॅकजॅकच्या कितीतरी पट पैसा मिळवला.

कॅसिनोला मोजणारा ओळखू येतो तो याच रकमांवरून. डोळ्यांतली एकाग्रता लपवता येते, पण शंभरावरून अचानक पाच हजारांवर गेलेली पैज छताच्या कॅमेऱ्यापासून लपत नाही. या अडचणीवर अल फ्रान्सेस्को या खेळाडूने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तोडगा काढला. त्याच्या संघातले काही जण वेगवेगळ्या टेबलांवर सतत किमान रक्कम लावून निरुपद्रवीपणे मोजत बसत. एखाद्या टेबलावर मोजणी वर गेली की ठरलेली खूण केली जाई, आणि उधळ्या श्रीमंताचा आव आणणारा दुसरा गडी तेथे येऊन पहिल्या डावापासून मोठी रक्कम लावी. त्याची रक्कम कधीच बदलत नसल्यामुळे संशयाला जागा राहत नसे. याच कल्पनेवर एमआयटीतील विद्यार्थ्यांचे संघ उभे राहिले, आणि १९८० पासून बिल कॅप्लन याने त्यांना एखाद्या कंपनीसारखी शिस्त लावली: गुंतवणूकदारांचे भांडवल, तासांची नोंद, आणि टेबलावर पाठवण्याआधी प्रत्येकाची कडक परीक्षा. त्या संघांवरून २००२ मध्ये गाजलेले पुस्तक निघाले आणि २००८ मध्ये ‘२१’ हा चित्रपट आला, ज्यात कंटाळवाण्या नोंदवह्यांना अर्थातच स्थान मिळाले नाही.

कॅसिनोंची पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. १ एप्रिल १९६४ रोजी लास व्हेगासमधील हॉटेलचालकांच्या संघटनेने रक्कम दुप्पट करण्यावर आणि एक्क्यांची जोडी वेगळी करण्यावर बंधने जाहीर केली. पण नियम कडक झालेले पाहून साधे गिऱ्हाईकच टेबलांपासून दूर गेले आणि काही आठवड्यांत ती बंधने मागे घ्यावी लागली. तेव्हा मालकांना एक गोष्ट उमगली असावी. पुस्तक वाचून टेबलाशी येणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूलभूत डावपेचही धड येत नव्हता, रक्कम आवरण्याची शिस्त तर त्याहून कमी जणांकडे होती, आणि हा खेळ हरवता येतो या नुसत्या बातमीने तो अमेरिकेतल्या कॅसिनोंचा सर्वांत लोकप्रिय टेबलखेळ बनला. कॅसिनोला पराभूत करणारे पुस्तक कॅसिनोच्या भरभराटीला इतके उपयोगी पडावे, यात थॉर्पचा दोष नाही. खऱ्या मोजणाऱ्यांसाठी मग शांतपणे वेगळे उपाय योजले गेले. कॅटांची संख्या वाढली. शूमध्ये कट कार्ड नावाचा रंगीत पत्ता मागून बऱ्याच आत खोचून, तेथे पोहोचताच पत्ते पुन्हा पिसले जाऊ लागले, कारण मोजणीची किंमत शेवटच्या टप्प्यातच वाढते. मधेच येऊन खेळात शिरण्यास काही टेबलांवर मनाई झाली. आणि संशयितांची छायाचित्रे कॅसिनोंना पुरवणाऱ्या खासगी गुप्तहेर संस्था निघाल्या.

कायद्याच्या दृष्टीने डोक्यात मोजणी करणे हा अमेरिकेत गुन्हा नाही. गुन्हा आहे तो उपकरण वापरणे. कीथ टाफ्ट या अभियंत्याने १९७० च्या दशकात अंगावर लपवता येणारे आणि पायांच्या अंगठ्यांनी चालवता येणारे संगणक बनवल्यानंतर नेवाडाने १९८५ मध्ये अशा साधनांवर बंदी घातली. मात्र गुन्हा नसला तरी नेवाडातील कॅसिनो खासगी जागेचा मालक या नात्याने मोजणाऱ्याला खेळू न देता बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. न्यू जर्सीत स्थिती निराळी आहे. केन उस्टन या नामांकित मोजणाऱ्याला अटलांटिक सिटीतील रिसॉर्ट्स इंटरनॅशनल कॅसिनोने मज्जाव केला, तेव्हा तो न्यायालयात गेला, आणि १९८२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या नियंत्रण आयोगाचा असून, केवळ कौशल्याने खेळतो म्हणून कोणाला वगळण्याचा हक्क कॅसिनोला नाही. उस्टन जिंकला, कॅसिनोंनी मग माणसांना वगळण्याऐवजी कॅट वाढवले आणि पत्ते लवकर पिसायला घेतले.

भारतात हा विषय मुख्यतः गोव्याशी निगडित आहे. तेथील १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने डीलर बसवून खेळायच्या टेबलांना जहाजांवर परवानगी मिळाली. पणजीजवळ मांडवीत उभी असलेली कॅसिनो जहाजे हे त्याचे फळ आहे. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांसंबंधी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आपल्या न्यायालयांपुढे कौशल्य आणि नशीब यांचा वाद आला तो प्रामुख्याने रमीच्या निमित्ताने. १९६७ च्या सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत पडत गेलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात हे एक ठळक कारण होते. म्हणजे ज्या गोष्टीवरून नेवाडात माणसाला टेबलावरून उठवतात, तीच गोष्ट दिल्लीत एका खेळाला जुगाराच्या व्याख्येबाहेर काढायला उपयोगी पडली. ब्लॅकजॅकला मात्र त्या निर्णयाचा लाभ आपोआप मिळत नाही, कारण मोजणीचे कौशल्य ज्यांच्याकडे आहे ते मूठभर, आणि तेही लांब पल्ल्यातच प्रकट होणारे.

अलीकडे हे सारे वाद मागे पडू लागले आहेत, कारण कॅसिनोंना अधिक स्वस्त मार्ग सापडले आहेत. सतत पिसणाऱ्या यंत्रात प्रत्येक डावानंतर वापरलेले पत्ते लगेच परत टाकले जातात, त्यामुळे मोजणी शून्याच्या आसपासच घुटमळते आणि मोजणारा व न मोजणारा यांत फरक उरत नाही. त्याहूनही परिणामकारक बदल टेबलाच्या कापडावर उघडपणे छापलेला असतो: ब्लॅकजॅकवर दीडपटीऐवजी पाचास सहा या दराने रक्कम. शंभरावर दीडशेऐवजी एकशेवीस, एवढाच हा फरक, आणि दर एकवीस डावांत एकदाच लागू होणारा. पण त्याने कॅसिनोची आघाडी साधारण १.४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मूलभूत डावपेच पाठ असलेल्या खेळाडूविरुद्ध ती जवळपास चौपट होते, आणि खरी मोजणी अधिक चारच्या घरात गेल्याशिवाय मोजणारा बरोबरीलाही येत नाही. अशी टेबले लास व्हेगासमध्ये आता सर्रास दिसतात, त्यांवर गर्दीही असते, आणि तेथे मोजणाऱ्याला ओळखून बाहेर काढण्यासाठी कॅमेऱ्यामागे कोणाला बसवण्याची फारशी गरज पडत नाही.